हमीद, तू राहिलास आणि आम्ही निघालो

हमीद,

लोक भेटायला येतात आणि म्हणतात, "बिचारा गेला." मला त्या शब्दाचा राग येतो. तू आणि बिचारा! कळंबच्या बाजारात कुणालाही विचारा, पिंजाऱ्याचा हमीद म्हणजे चालताबोलता खटला. पानवाल्याशी व्याकरणावरून भांडायचास. नमाज झाल्यावर मौलवीसाहेबांना वाटेत अडवून प्रश्न विचारायचास. माझ्या आत्याच्या ओसरीवर बसून "आमटीत मीठ जास्त झालंय" असं तोंडावर सांगायचास आणि वर आणखी एक वाटी मागायचास. बिचारी माणसं मुकाट्यानं मरतात. तू तापात बरळतानासुद्धा कुणाची तरी बाजू मांडत होतास. तुझ्या अम्मांनीच सांगितलं मला. "बेटा, बुखार में भी वकालत करता था," म्हणाल्या, आणि त्यांना हसू आणि हुंदका एकदमच आला.

तुला माती दिल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. ईटला रानात जातो, औत अर्ध्यात सोडून बांधावर येऊन उभा राहतो. घरात आलो की बाहेर जावंसं वाटतं. दोनदा उठून कळंबला गेलो. तिथं जाऊन करायचं काहीच नव्हतं, तुझ्या दारावरून नुसता पुढं गेलो आणि मागं आलो. काहीतरी बोलायचं राहून गेलंय, ते आतल्या आत चावत राहतं. म्हणून लिहायला बसलोय. तू असतास तर पहिल्या चार ओळींतच माझ्या दोन चुका काढल्या असत्यास.

आपली ओळख कळंबच्या मिडल शाळेतली. मी ईटचा, शिकण्यासाठी आत्याकडं ठेवलेला. आमचं घर लिंगायताचं, आईचं माहेर आळंदकडचं, त्यामुळं चुलीपाशी कानडी, रानात मराठी आणि शाळेत निजामसरकारची उर्दू. मला वाटायचं, शाळा खरी तुमची. तुझ्या घरचीच भाषा, तुला कशाचं अवघड? मग एकदा मास्तरांनी तुला फळ्यापाशी बोलावलं, काहीतरी विचारलं, आणि तू घरच्या सवयीनं "नक्को" म्हणालास. सपकन छडी बसली. "नक्को क्या होता है? नहीं बोलो, नहीं!" सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत तू विहिरीच्या कठड्यावर तळहात चोळत बसला होतास.

मी म्हणालो, "तुलाबी मारत्यात व्हय रं? तुमचीच तर भाषा हाय."

"ती आमची न्हाय," तू म्हणालास. "ती हैदराबादच्या दिवाणखान्यातली हाय. आमच्या अम्माची भाषा रोज मारच खाती."

त्या वयात मला एवढंच समजलं की छडी आपल्या दोघांना सारखीच लागते. तुला त्याहून पुष्कळ जास्त समजलं होतं, हे कळायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली.

दोघंही परीक्षा पास होत गेलो. धाराशिवचं हायस्कूल झालं आणि हैदराबादच्या विद्यापीठात जायचं ठरलं. येडशीपर्यंत बैलगाडी, तिथून छोटी गाडी, मग सोलापूर, वाडी, हैदराबाद. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या शिपायानं माझी पेटी उघडली, तेव्हा आईनं बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ बघून तो हसला. "कालेज को आटा लेके जाते क्या?" तू त्याला म्हणालास, "हौ. वहाँ सब मिलता, ये नहीं मिलता." आणि ते खरंच निघालं.

वसतिगृहात तेलंगणाची तेलुगू मुलं होती, रायचूर-गुलबर्ग्याची कानडी होती, मराठवाड्याचे आपण होतो आणि शहरातली अस्सल उर्दू बोलणारी होती. व्याख्यानं उर्दूतून, नोटिसा उर्दूतून, रागावणंही उर्दूतून. मुलं आपापल्या भाषेचे घोळके करून राहायची. दुसऱ्या घोळक्याची खोली म्हणजे परमुलूख. पोटात मात्र सगळ्या खेड्यातल्या पोरांच्या एकच तक्रार होती. मेसमध्ये भात आणि खट्टी दाळ, नाहीतर मैद्याच्या रोट्या. आपल्याकडच्या आणि कानडी मुलखातल्या मुलांना जेवून उठलं तरी जेवल्यासारखं वाटत नव्हतं.

तुझी पहिली लढाई भाकरीची. लोक आता तुला मोठमोठी विशेषणं लावतात, म्हणून मी मुद्दाम हे सांगत असतो. तू खोल्याखोल्यांतून हिंडलास. कानडी पोरांच्या खोलीत जाताना मला दुभाषा म्हणून बरोबर घेतलंस. "तुमच्यात जोळद रोट्टी म्हणतात, आमच्यात भाकरी. भांडायचं का एकत्र?" एवढंच तुझं भाषण. तेलुगू मुलांना भाकरीचं काय? पण राजण्णा नावाचा वरंगळकडचा एक शांत मुलगा होता, तो म्हणाला, "आम्ही तुमच्यासाठी येतो. आमच्या लोणच्यासाठी तुम्ही या." असं करत वॉर्डनसाहेबांच्या दारात चारी भाषांची पोरं उभी राहिली. साहेब दयाळू होते, पण भित्रे. आधी हसले. "ज्वार तो जानवरों का दाना है, मियाँ."

"जी हाँ, साहब," तू म्हणालास. "हम वही जानवर हैं जो ये खाकर आपके इम्तहान में पास होते हैं."

साहेबांना हसू आवरेना. आठवड्यातून दोन दिवस भाकरी मिळाली आणि लोणचंही मिळालं. त्या पहिल्या दिवशी मेसमध्ये जो कालवा झाला, तो मला अजून ऐकू येतो.

त्याच मेसमध्ये किसन होता. आपल्याच भागातला, महाराघरचा, वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, आलेला. सगळ्यात टोकाला, हात धुवायच्या नळापाशी एकटा बसायचा. त्याला तिथं बसायला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नसते, हे आपल्या गावांनी त्याला आधीच शिकवलं होतं. भाकरीसाठी एकत्र आलेली आपली मराठी पोरंसुद्धा त्याच्या शेजारी बसेनात. मी म्हणालो, आता यावर एक सभा घेऊ. तू म्हणालास, "सभेत जेवता येत न्हाय." तू तुझं ताट उचललंस आणि नळापाशी जाऊन बसलास. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. किसनला ते आवडत होतं की नाही, हेही तू विचारलं नाहीस. त्यावरून त्यानं तुला एकदा चांगलंच सुनावलं, ते मला त्यानंच नंतर सांगितलं. "तुमी माझ्यासाठी बसता का तुमच्यासाठी?" असं त्यानं विचारलं होतं. तू म्हणे तोंडातला घास गिळलास आणि म्हणालास, "इथं वारा चांगला येतो." मग मी तिकडं गेलो, मग राजण्णा आला. काही जण शेवटपर्यंत आले नाहीत. तो नळ पुढं मेसचा मध्य झाला असं मी म्हणणार नाही. पण किसन एकटा जेवायचा बंद झाला, हे खरं.

मग तू मराठीची बैठक सुरू केलीस. परवानगीशिवाय चार विद्यार्थी एकत्र बसले तरी चौकशी व्हायची, असे ते दिवस. आम्हा हिंदू पोरांपैकी कुणी परवानगी मागितली असती तर राजकारणाचा वास आला असता. तू मागितलीस आणि मिळाली. म्हणून मराठी बैठकीचा चिटणीस पिंजाऱ्याचा हमीद. यावरून आपल्या मुलांत किती कुरबुर झाली! "मराठीला मुसलमान चिटणीस?" शहरात वाढलेल्या एका मुलानं तर तू निबंध वाचताना तोंडावर रुमाल धरला, कारण तू "म्या गेलो, म्या बघितलं" असं कळंबच्या बाजारातलं मराठी वाचत होतास. तू वाचायचा थांबलास.

"हसा," तू म्हणालास. "माझं मराठी हसण्यासारखंच हाय. पण फुडच्या बैठकीला कानडी न् तेलुगू पोरांनाबी बोलवू. त्यांनाबी त्यांच्या भाषेत बोलाय कुठं जागा न्हाय. त्यांचं आपल्याला कळायचं न्हाय, मंग कुणी कुणाला हसायचा प्रश्नच न्हाय."

ती बैठक खरोखर झाली. राजण्णानं तेलुगूत काहीतरी शेतीवरचं म्हटलं, कुणाला अक्षर कळलं नाही, आणि सगळे मन लावून ऐकत बसले. बाहेर पडताना मी तुला म्हणालो, "ह्यानं काय होणार?" तू म्हणालास, "काय व्हायचं? त्यो बोलला." तिथून आपलं भांडण सुरू झालं, हमीद. ते आजही चालूच आहे, फक्त आता मला एकट्यालाच दोन्ही बाजू चालवाव्या लागतात.

मग देश स्वतंत्र झाला आणि आपण झालो नाही. विद्यापीठावर बहिष्कार टाकायची हाक आली. मुलं पेट्या भरू लागली. कुणी सत्याग्रहाला, कुणी सरहद्दीवरच्या कॅम्पात. मी बार्शीकडच्या कॅम्पात जायचं ठरवलं आणि तू बरोबर येणार, हे मी धरूनच चाललो होतो. तू खिडकीत बसून काडीनं दात कोरत होतास.

"म्या येत न्हाय."

"का? तुला हे राज्य पायजे का?"

"राज्य कुणाला पायजे? पण तुमी सगळे जायलाव. मागं राहतेत त्यांचं कोण? किसनचा वजिफा तुटला तर त्यो पुन्यांदा गावच्या येशीभाईर. त्या नलगोंड्याच्या पोराला घरच न्हाय. राजण्णाचा बाप सरकारी नोकरीत, त्यो निघाला तर बापाला काढत्यात. ह्यांच्यासाठी वॉर्डनसाहेबांपुढं कुणीतरी उभं राहाया पायजे का न्हाय?"

मी चिडलो. म्हणालो, "अर्ज करून राज्य बदलत न्हाय, हमीद."

"बदलंल तवा बदलंल," तू म्हणालास. "आज संध्याकाळी किसनच्या ताटात काय पडतं, ते म्या बघतो."

आपण त्या दिवशी एकमेकांना नीट निरोपही दिला नाही. स्टेशनवर तू आलास खरा, पण गाडी सुटेपर्यंत माझ्या पेटीचा कडी-कोयंडा किती कच्चा आहे, हेच सांगत राहिलास.

पुढचं मी कॅम्पात असताना घडलं, मला ते किसननं सांगितलं. एका संध्याकाळी निजामाच्या बाजूचे, खाकी कपड्यांतले हत्यारबंद स्वयंसेवक वसतिगृहाच्या फाटकाशी आले. बहिष्कारवाल्यांची माणसं आत लपलीत, आम्हाला झडती घ्यायची, म्हणाले. पोरांनी खोल्यांना कड्या लावल्या. तू फाटकाशी गेलास. किसनला वाटलं, तू आता मोठं काहीतरी बोलणार. तू वसतिगृहाच्या नियमांचं छापील पुस्तक उघडलंस आणि वाचून दाखवलंस की वॉर्डनसाहेबांच्या परवानगीशिवाय बाहेरच्या माणसाला आत येता येत नाही. ते म्हणाले, "तू मुसलमान होकर?" तू म्हणालास, "क़ायदे में ये ख़ाना नहीं है, जनाब." नियमांत हा रकानाच नाही. त्यांच्यातल्या एकानं तुझ्या छातीला बंदुकीची नळी टेकवली. तू म्हणालास, वॉर्डनसाहेबांना बोलावतो, तोवर बसा, पाणी घ्या. आणि खरंच माठातून पाणी आणून दिलंस. भित्र्या वॉर्डनसाहेबांना अखेर घराबाहेर यावं लागलं. खिडक्यांतून बघणारी सगळी पोरं समोर, मधे तू, हातात नियमांचं पुस्तक. त्यांच्याकडून "नाही" निघालं. थरथरत निघालं, पण निघालं. ती माणसं तुला "गद्दार" म्हणून थुंकून गेली.

कॅम्पात आमच्यातही काही जण तुला तेच म्हणायचे. दोन्हीकडून एकच शिवी खाणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही.

मग भारताच्या फौजा आल्या आणि चार दिवसांत सगळं उलटं झालं. आम्ही गुलाल खेळत परतलो. आणि त्याच आठवड्यात आपल्या जिल्ह्यात जे झालं ते मी इथं मांडत नाही, तुला ते माझ्याहून जास्त माहीत होतं. ज्यांनी बंदुका घेतल्या होत्या ते पळून गेले होते. सापडले ते पिंजारी, अत्तार, विणकर. तुमचं घर लुटलं गेलं. अम्मा बाजरीच्या रानात लपल्या. माझ्या आईला हे कळलं तेव्हा मी घरी नव्हतो. तिनं कुणाला विचारलं नाही. स्वतः गाडी जुंपायला लावली, वर कडबा टाकला, कळंबच्या शिवारातून अम्मांना कडब्याखाली घालून ईटला आणलं. आईला उर्दू येत नव्हती, अम्मांना कानडी येत नव्हती. दोघी मोडक्या मराठीत बोलायच्या. गावात विजयाचा उत्सव म्हणून तेरखेड्याहून शोभेची दारू आणली. पहिला बार उडाला आणि अम्मा बाजेखाली शिरल्या. आईही त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून राहिली, बार थांबेपर्यंत. मी दारात उभा होतो. मीच वर्गणी गोळा केली होती त्या दारूची. आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंदाचा दिवस होता तो माझा, आणि मला तो कुठं ठेवावा ते कळेना.

तू अम्मांना न्यायला आलास तेव्हा वर्षभरानं आपण भेटलो. वाळला होतास. आईच्या पाया पडलास. मग आपण दोघं बांधावर गेलो. तू बराच वेळ ढेकळं फोडत बसलास.

"तुमचं राज्य आलं," तू म्हणालास.

"आपलं म्हण."

"म्हणंन. जरा सवय होऊ दे."

तूच मग नेहमीच्या सुरात म्हणालास, "विरू, एक काम हाय. तुझ्याबिगर व्हायचं न्हाय."

काम हे होतं. नव्या राजवटीत विद्यापीठाची उर्दू जाणार आणि शिक्षण इंग्रजीतून होणार, असा हुकूम निघाला होता. जी पोरं पहिलीपासून उर्दूतून शिकत आली, ती अर्ध्या वाटेवर उभी होती. तू त्यांच्या वतीनं बोलायला निघाला होतास आणि तुला कॅम्पातून आलेला, नव्या सरकारात ज्याचं ऐकतील असा माणूस बरोबर हवा होता. मी भडकलो. "उर्दूसाठी? माझ्याकडून? हमीद, या उर्दूपायी मी तर्कशास्त्रात दोनदा नापास झालोय! आमच्या किती पोरांनी या उर्दूपायी शाळा सोडली!"

"म्हणून तर तू पायजे," तू म्हणालास. "तुला जे झालं, ते त्यांनाबी व्हावं का?"

"व्हावं असं कोण म्हणतंय? पण एवढी घाई काय त्यांच्यासाठी? आमच्यासाठी कुणी केली होती घाई?"

तू माझ्याकडं बघितलंस. तू केली होतीस, हे तुला म्हणता आलं असतं. तू म्हणाला नाहीस. मी आलो.

नव्या अधिकारीसाहेबांच्या दालनातला तो दुपारचा प्रसंग आठवला की मला अजून हसू येतं. साहेब पुण्याकडचे, त्यांना उर्दू येत नव्हती. शेजारी जुने रजिस्ट्रार, त्यांना मराठी येत नव्हतं. दोघांनाही पटवायचं होतं. मग तू मराठीत बोललास आणि मी उर्दूत. उर्दू पोरांची बाजू कळंबच्या मराठीत! "साहेब, म्या स्वतः या उर्दूपायी छड्या खाल्ल्यात. मला तिचा पुळका न्हाय. पण पोरगं नदीच्या मधी असताना होडी बदलत न्हायती." साहेब म्हणाले, हा मुसलमान विद्यार्थ्यांचा प्रश्न दिसतो. तू म्हणालास, "यातली निम्मी पोरं तेलुगू, कानडी, मराठी हायत. त्यांचीबी वीस बुकं उर्दूतच झालीत." मग जरा थांबून म्हणालास, "आन् सगळी मुसलमान असती, तरीबी म्या आलो असतो." इकडं मी रजिस्ट्रारांना सांगत होतो, "हमारी तालीम पूरा नहीं हुआ..." आणि तू तुझं बोलणं तोडून माझ्याकडं वळून ओरडलास, "पूरी नहीं हुई! तालीम मोअन्नस है!" तालीम स्त्रीलिंगी, हे तेव्हाही तुला सांगायचंच होतं. रजिस्ट्रार पहिल्यांदा हसले. ते हसलेले बघून साहेब हसले. वरच्या दोन वर्गांना उर्दूतून परीक्षा देण्याची सवलत त्या दिवशी मिळाली.

पहिल्या वर्षाच्या पोरांना नाही मिळाली. बाहेर आल्यावर मी तुझ्या पाठीवर थाप मारली तर तू खांदा झटकलास. "अर्धंच झालं." तू कधीच पूर्ण खूश का होत नव्हतास रे? त्या संध्याकाळी इराण्याच्या हॉटेलात मी चहा मागवला आणि तू पहिल्या वर्षाच्या पोरांना स्वतःच इंग्रजी शिकवायचा बेत आखत बसलास. तुझी स्वतःची इंग्रजी कशी होती ते मला ठाऊक आहे. पण शिकवलीस. वसतिगृहाच्या खोलीत पंधरा-वीस पोरं, एकच कंदील, आणि तू आदल्या दिवशी शिकलेलं दुसऱ्या दिवशी शिकवायचास. दिवसा कॉलेज, मग साहेबांच्या कचेरीत खेपा, मग ही शिकवणी. खाण्यापिण्याकडं लक्ष नव्हतं. ताप आला तो मुदतीचा निघाला. राजण्णानं तुला गाडीत घालून कळंबला आणून सोडलं.

मी आलो तेव्हा तू ओळखलंस मला. अम्मा पाणी गरम करायला मागं गेल्या होत्या. मी म्हणालो, "आता बरा हो आणि इथंच राहा. कळंबची शाळा वाढायलीय. मास्तर पायजेत."

"पहिल्या वर्षाच्या पोरांचं काय?"

"आधी तू ऊठ तरी."

तू हसलास. मग डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं झोपलास. आणि एकदम म्हणालास, "विरू, खरं सांग. तवा म्या तुझ्यासंगं भाईर पडाय पायजे होतं का?"

इतक्या वर्षांत तू मला असं कधी विचारलं नव्हतंस. तू नेहमी सांगायचास. मी घाबरलो. इतक्यात अम्मा पातेलं घेऊन आल्या, तुझ्या कपाळावरची पट्टी बदलायची होती, मी बाजूला झालो. नंतर तू बोलण्याच्या पलीकडं गेलास.

तेव्हापासून मी उत्तर शोधतोय. चालताना शोधतो, जेवताना शोधतो. आम्ही गेलो नसतो तर ते राज्य हललं नसतं, हे मी तुझ्या कबरीवर हात ठेवून सांगेन. आणि तू राहिला नसतास तर त्या फाटकावर कुणी उभं राहिलं नसतं, हेही सांगेन. तुला दोन उत्तरं एकदम कधीच चालायची नाहीत. "एक धर," म्हणायचास. मला एक धरता येत नाही, हमीद. माफ कर, किंवा करू नकोस, भांड. पण माझ्याजवळ दोनच आहेत.

आता परवाचं सांगतो. किसन आता कायद्याच्या वर्गात आहे. तुझी शिकवणी त्यानं पुढं चालवायला घेतली, हे तुझ्या मातीला आलेल्या पोरांनी मला सांगितलं होतं. त्यानं निरोप पाठवला की पहिल्या वर्षासाठी पुन्हा साहेबांकडं जायचंय, या. मी गेलो. तेच दालन, तेच साहेब. किसन अंगात धुतलेला शर्ट घालून, ताठ उभा राहून बोलला. शांत बोलतो तो, तुझ्यासारखा हातवारे करत नाही. बाहेर व्हरांड्यात पोरं उभी होती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याला म्हणाले, "तुमची तर परीक्षा होऊन गेली. तुम्हाला इंग्रजीही चांगलं येतं. आणि ही मुलं काही तुमच्या समाजाची नाहीत. मग तुम्ही का यात पडता?"

किसन म्हणाला, "साहेब, माझ्यासाठी जो भांडला, तो तरी कुठं माझ्या समाजाचा होता?"

साहेबांना तू आठवलास, मला वाटतं. त्यांनी विचारलं, "ते तुमचे कळंबचे मित्र, ते आज आले नाहीत?" किसननं माझ्याकडं बघितलं. मीच सांगितलं मग. मराठीतच सांगितलं. रजिस्ट्रारांना शब्द कळले नसतील, पण त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी टाक उचलला. "एक वर्ष," म्हणाले. "या वर्षी पहिल्या वर्गानंही उर्दूतून लिहावं. पुढच्या वर्षी इंग्रजी. तोवर तयारी करून घ्या."

किसन बाहेर गेला आणि त्यानं पोरांना सांगितलं. एका पोरानं ते तेलुगूत पुढं ओरडून सांगितलं, एकानं कानडीत. व्हरांड्यात एकच गलका उडाला. राजण्णानं मला मिठी मारली. सगळे हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मी त्यांच्यातून सुटून भराभर फाटकापर्यंत चालत गेलो. तिथून परत आलो. पुन्हा फाटकापर्यंत गेलो. किसन मागून आला, म्हणाला, "दादा, कुठं चाललाव?"

मला तुला सांगायचं होतं, हमीद. कुणीकडं जायचं, ते मला कळेना.